संध्यामठ, प्रयत्न पाचवा: सावलीत काळं नको

मंडळी, कोल्हापूरच्या रंकाळा तलावातल्या संध्यामठाचं पाचवं जलरंगचित्र काल पुरं झालं. आधीच्या चारांत मठाचे दगडी खांब शिशाचे वाटत होते. या वेळी ते ओले दिसतात.

मधल्या आठवड्यात ब्रश हातात घेतला नाही. इथल्या टाउन हॉल म्युझियममध्ये जुने चित्रकार आबालाल रहिमान यांच्या चित्रांपुढे दोन दुपारी काढल्या. लांबून सावली वाटणाऱ्या जागेत जवळून पाहिलं, तर हिरवट, जांभळट, तांबूस असे तुटक फटकारे शेजारी शेजारी ठेवलेले. मी मात्र अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी कालवून एकच राखाडी करत होतो आणि सगळ्या सावल्यांवर तीच फिरवत होतो.

नवीन मंडळींसाठी थोडं सांगतो. आबालाल कोल्हापूरचे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, 1888 साली व्हाइसरॉय पदक मिळवलं आणि परत गावी आले. शाहू महाराजांचा आश्रय लाभला. मुंबईत राहिले असते तर नाव झालं असतं, पण त्यांनी कोटितीर्थ तलाव, रंकाळा, पंचगंगा हाच परिसर आयुष्यभर रंगवला. 1922 मध्ये महाराज गेले. त्या दुःखात त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, असं कोल्हापुरात आजही सांगतात. त्या काठावरून जाताना माझी पावलं अजून मंदावतात. 1931 मध्ये आबालाल गेले.

आता कालचं काम. सकाळी साडेसहाला बसलो. 300 जीएसएमचा म्हणजे जाड कागद, पूर्ण तावाच्या पाव आकाराचा. आकाश आणि पाणी एकाच ओल्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एका सलग थरात घेतलं. खांबांच्या सावलीत आधी पातळ हिरवा दिला, तो अर्धवट सुकल्यावर जांभळा नुसता टेकवला आणि पाण्यालगत यलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्याचा एक ठिपका. घासायचं नाही, ब्रश टेकवून उचलायचा. उजवीकडच्या दोन खांबांवर न राहवून पुन्हा हात फिरवला, तिथे रंग मळला. डावीकडचे तसेच सोडले, ते उत्तम आले.

प्रतिबिंब अजून जमलेलं नाही. वारा सुटला की खांबांच्या रेषा पाण्यात तुटतात, त्या मी अजून सरळच ओढतो. रविवारी मठ बाजूला ठेवून फक्त पाणी करणार आहे, पोस्टकार्डाएवढ्या आठ कागदांवर, प्रत्येकी दहा मिनिटं.