खर्ज बोलला, आता पेटीची पांढरी चार

अखेर तंबोऱ्याच्या खर्जातून, म्हणजे खालच्या सा च्या जाड तारेतून, गंधार आला! कान ताणून शोधावा लागला नाही, आपणहून वर तरंगला. मेकॅनिकल व्हायब्रेशन्सचं जर्नल अर्धं कोरं आहे, तरी ही नोंद आधी.

खर्जाला नवी जाड पितळी तार चढवल्यापासून पंचम आणि जोड (मधल्या सा च्या दोन तारा) छान बोलत होते, खर्ज मात्र ठार मुका. तार आणि घोडी यांच्यामधला दोरा मागे-पुढे सरकवून बोटं सोलली. (पॉलिएस्टरचा शिवणदोरा वापरू नका. साधा सुतीच बरा.) घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) घासायला कानस हातात घ्यायची माझी छाती नाही, ते मिरजेच्या कारागिरांचं काम. परीक्षा संपली की तंबोरा तिकडे न्यायचा, असं ठरलंही होतं.

तेवढ्यात सी. व्ही. रामन यांचं १९२१ मधलं निरीक्षण आठवलं. तार बरोब्बर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा असे सम स्वरांश (मूळ कंपनाच्या दुप्पट, चौपट वगैरे) उमटायला नकोत. तंबोऱ्यात ते तरीही उमटतात, कारण तार घोडीच्या पसरट पाठीला घासत कंपते. म्हणजे ही जवारीची, तारेच्या त्या झणकाराची, आयती परीक्षाच झाली की! आपला सा पेटीची काळी एक, म्हणून खर्ज ६९.३ हर्ट्झ. बाकी तारांवर रुमाल टाकला, नाहीतर जोडच १३८.६ वर गुणगुणते. खर्ज मध्यावर छेडला, मोबाइलवर स्पेक्ट्रम पाहिला. १३८.६ ला, म्हणजे दुसऱ्या स्वरांशाच्या जागी, जवळजवळ सपाट.

मग दोऱ्याचा नाद सोडून टॉर्च आडवा धरला. जुन्या बारीक तारेने घोडीवर खोबण पाडली होती आणि नवी तार तिच्या कडांवर अडकून बसत होती. ती आपल्या जाडीइतकी बाजूला घेतली, दोरा पुन्हा सरकवला, आणि १३८.६ चा सुळका उभा राहिला. पाठोपाठ पाचवा स्वरांश, ३४६.५. हाच तो गंधार. त्या रात्री गाणं झालंच नाही, नुसता तंबोरा छेडत बसलो.

आता नवी कटकट. युवा महोत्सवाला यमन राग आहे, आणि पेटीची पांढरी चार, म्हणजे आपला गंधार, ३४९.२ वर. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे! आधी ऐकू येत नव्हते, आता वादी, म्हणजे रागाच्या मुख्य स्वरावरच कानाला टोचतात. पेटीच्या आतली, स्वर देणारी पट्टी (रीड) बुडाशी घासली की स्वर उतरतो, हे सोपं आहे. लिहिता लिहिता लक्षात आलं, की काळी चारवाल्या गायिकेचा धैवतही त्याने सुधारेल. पण काळी पाचवालीचा पंचमच बेसूर होईल, ते चालणार नाही.

म्हणून साथीला पेटीऐवजी व्हायोलिनच घ्यावं, असं लिहिणार होतो. पण पेटी दोन लायनींची आहे, म्हणजे पट्ट्यांचे दोन संच. एकाच लायनीची ती पट्टी उतरवली आणि यमनच्या वेळी दुसरीचा स्टॉप बंद ठेवला तर? आवाज थोडा बारीक होईल, पण विलंबितात तेच हवंय. पेटी कॉलेजची, त्यामुळे सोमवारच्या ओरलनंतर सांस्कृतिकच्या सरांना गाठतो.