जर्मनी की इटली? माझे मत तिसरीकडेच

स्पोर्ट्‌स कारचा विषय निघाला की जर्मनी श्रेष्ठ की इटली, एवढ्यावरच वाद घुटमळतो. माझे मत मात्र ब्रिटन आणि जपान यांच्या पारड्यात पडते. १९६२ साली आलेल्या ब्रिटिश लोटस एलानचे वजन जेमतेम सातशे किलोच्या आसपास होते, कारण लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी पोलादी कण्यासारख्या चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) फायबरग्लासची बॉडी बसवून ताकद वाढवण्यापेक्षा वजन घटवण्यावर भर दिला. वळणावर ही गाडी अप्रतिम, पण भरवशाच्या बाबतीत सगळा आनंदच! नेमकी हीच उणीव जपानच्या माझदाने १९८९ च्या एमएक्स-५ मध्ये भरून काढली : तोच हलकेपणा, उघडे छप्पर, मागच्या चाकांना ताकद आणि किल्ली फिरवताच खात्रीने सुरू होणारे १.६ लिटरचे इंजिन. जर्मनीचे म्हणाल तर रस्त्यावरच्या पोर्शे ९११ चे इंजिन १९६३ पासून मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे आहे. त्यामुळे जुन्या ९११ मध्ये भर वळणात अ‍ॅक्सिलरेटर अचानक सोडला की गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जात असे, आणि हा स्वभाव अभियंत्यांनी चिकाटीने आटोक्यात आणला, याचे मला कौतुक वाटते. इटलीच्या फेरारीच्या आवाजाला तोड नाही, हे मान्य. परंतु जी ताकद घाटरस्त्यावर कधी पूर्ण वापरताच येत नाही, तिच्यासाठी एवढे पैसे मोजणे मला पटत नाही.