लेझर टॅग आणि मावशीचा अंबाडा

आउटडोअर लेझर टॅग, म्हणजे मोकळ्यावर किरण सोडणाऱ्या गनने एकमेकांना टिपायचा खेळ, त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे "लागली" आणि "नाही लागली" हे भांडण मशीनच मिटवतं. आम्ही सगळी मावस-आते-मामे भावंडं लहानपणी चोर-पोलीस खेळायचो तेव्हा अर्धी संध्याकाळ त्यातच जायची, एक जण ठो करणार, दुसरा म्हणणार मी झाडामागे होतो, मग तिसऱ्याला साक्षीला बोलवायचं, तो नेमका सख्खा भाऊ. तर यंदा दिवाळीनंतरच्या गेट-टुगेदरला मुळशीकडे एका कॅम्पसाइटवर लेझर टॅग होता आणि मुलांपेक्षा चाळिशीच्या आसपासचे आम्हीच जास्त उड्या मारत होतो.

नाव लेझर असलं तरी बहुतेक गनमध्ये लेझर नसतोच. टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेड एलईडी असतो आणि नळीच्या तोंडाशी एक भिंग, ज्याने किरण बारीक होऊन लांब जातो. त्या किरणात तुमचा नंबर, तुमची टीम असा कोड असतो, समोरच्याच्या डोक्यावरच्या पट्टीतल्या सेन्सरने तो पकडला की पट्टी थरथरते, लाइट लागतात आणि त्याची एक लाइफ जाते. लाइफ संपल्या की गनच बंद. मग गुपचूप बेसवर जायचं, परत चालू करून घ्यायची आणि यायचं. कोणी कोणाला किती वेळा मारलं ते शेवटी स्क्रीनवर येतं, त्यामुळे थापा मारायला जागा नाही.

म्हणजे असं आम्हाला वाटलं होतं. पहिल्याच गेममध्ये मावशीला कोणी मारूच शकेना! सदुसष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखतात म्हणून एका टायरच्या ढिगामागे नुसती बसून आहे, दोन भाचे मागून पार चार पावलांवर जाऊन धडाधड ट्रिगर दाबतायत, आणि ती शांतपणे मान वळवून एकेकाला टिपतेय. शेवटी मार्शल दादा, म्हणजे खेळावर लक्ष ठेवणारा तिथला माणूस, आला आणि हसायलाच लागला, पट्टी खाली सरकली होती आणि मागचा सेन्सर मावशीच्या अंबाड्याखाली पूर्ण झाकला गेला होता. "काकू, वेणी घाला." मावशीने वेणी घातली, पण केस सोडताना जो काय लुक दिला तो बघण्यासारखा होता. त्यानंतर आतेभावाची उलटी टोपी, वहिनीचा स्कार्फ, सगळ्यांची तपासणी झाली. मशीन प्रामाणिक असतं हो, डोक्यावर बांधणारी माणसं आपलीच असतात.

दुसरा घोळ उन्हाचा. आम्ही जेवून लगेच अडीच वाजता उतरलो आणि मोकळ्या माळावर लांबून मारलेलं काही लागेचना. उन्हातही भरपूर इन्फ्रारेड असतं, त्यामुळे सेन्सर दिपल्यासारखा होतो आणि लांबून आलेला आपला कोड त्याला ओळखू येत नाही. आंब्यांच्या सावलीत मात्र त्याच गन नीट चालत होत्या, मग काय, दोन्ही टीम आपोआप आमराईत. भाऊजींनी तर ऊन तोंडावर घेऊन उभं राहायचं अशी आयडिया काढली, समोरचा सेन्सर दिपलेला असला की समोरचे शॉट कमी लागतात. पण मग त्यांनाच समोरचं काही दिसेना आणि बाजूने येऊन माझ्या दहा वर्षांच्या लेकीने त्यांना संपवलं.

हा खेळ बंद हॉलमध्ये रुजला त्यात मला तरी हेच एक कारण दिसतं. अमेरिकन सैन्याकडे सरावासाठी असली यंत्रणा आधी आली आणि मग 1984 साली डॅलसमध्ये जॉर्ज कार्टर नावाच्या माणसाने फोटॉन नावाचं सेंटर काढलं, अंधार, धूर, लाइट वगैरे. तिथे उन्हाचा प्रश्नच नाही. पण मला विचाराल तर हॉलमधलं ते धावणं वेगळं आणि वाळक्या गवतात पोटावर सरपटणं वेगळं. झुडपामागे लपणं हे तर बाहेर शिकावंच लागतं, घाणेरीच्या जाळीत माणसाला वाटतं आपण दिसत नाही, पण फटीतून किरण बरोबर येतो आणि पट्टी थरथरते. ड्रम किंवा जाड बुंधा हाच खरा आडोसा.

साडेपाचला उतरत्या उन्हात जो गेम झाला तो सगळ्यात भारी. रेंज एकदम वाढली, दुपारी जिथून काहीच लागत नव्हतं तिथून टपाटप लोक बाद व्हायला लागले आणि पळून दमलेले दादा-वहिनी आता एकेका झाडाला धरून बसले, कारण हलला की गेला. पोरं मात्र उघड्यावर पळत राहिली आणि त्यांनीच जास्त मार खाल्ला.

कोणी जाणार असाल तर दुपारचा स्लॉट स्वस्त देतायत म्हणून घेऊ नका, चारनंतरचाच मागा. फुल पँट आणि बूट घाला, दिवाळीनंतर गवतात कुसळं इतकी असतात की आमचे मोजे शेवटी टाकूनच द्यावे लागले. लहान मुलांसाठी हलकी गन आहे का ते आधी फोनवर विचारा, मोठी गन धरून त्यांचे हात दुखतात आणि मग ती आपल्याला धरायला लागते. पेंटबॉलमध्ये रंगाच्या गोळ्या लागून उठतात तसे वळ उठत नाहीत, त्यामुळे आजी-आजोबांनाही बिनधास्त घ्या. फक्त अंबाडा आधी तपासा.