फॉन्टचे नाव टंकायचे की निवडायचे?

विंडोजवरील व्हीएस कोड या प्रोग्राम लिहिण्याच्या संपादकाच्या (एडिटरच्या) सेटिंग्जमध्ये फॉन्टच्या चौकटीत मुळातच ‘कन्सोलास, कुरिअर न्यू, मोनोस्पेस’ अशी स्वल्पविरामांनी जोडलेली नावे असतात. तिथे नवे नाव अचूक टंकावे लागते, आणि एखादे अक्षर चुकले तर संपादक काही न सांगता यादीतील पुढच्या फॉन्टकडे वळतो. मराठी लिहिणाऱ्याची अडचण याहून खोल आहे. कन्सोलासमध्ये देवनागरी अक्षरेच नसल्यामुळे ती दुसऱ्या, बहुधा निर्मला यूआय या फॉन्टमधून घेतली जातात, आणि मग १४ आकाराच्या त्याच ओळीत रोमन मजकूर ठसठशीत, तर ‘राष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ बारीक, दाटीवाटीचा दिसतो. कन्सोलासपुढे स्वल्पविराम देऊन आवडीचा देवनागरी फॉन्ट लिहिता येतो खरा. पण हे नवख्याला कळावे कसे? देवनागरी नमुन्यासह निवडयादी दिली असती, तर शंभर रंगसंगतींपेक्षा मला ती अधिक उपयोगी पडली असती.