जुन्या शिलाई मशीनची चमक परत आणताना : माझा अनुभव

आजीचं हाताने फिरवायचं सिंगर माळ्यावरून खाली काढलं तेव्हा ते काळं असं म्हणवतच नव्हतं, सगळीकडे तपकिरी चिकट थर आणि त्याखाली सोनेरी वेलबुट्टी कुठे दिसतेय कुठे नाही. मी याआधी साधा लाकडी स्टूलसुद्धा पॉलिश केला नव्हता, पण हे मशीन दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचं नाही एवढं मनात पक्कं होतं.

पहिल्याच दिवशी चूक केली. काच पुसायचा स्प्रे मारला आणि फडक्याने घासलं. फडकं मस्त काळं निघायला लागलं म्हणून खूष झाले, आणि पाच मिनिटांनी बघते तर पुढच्या कोपऱ्यातली सोनेरी वेल चंदेरी पडलेली. फार वाईट वाटलं. तिथेच थांबले आणि आधी वाचायला बसले.

तर या जुन्या मशीनवर थर असतात. ओतीव लोखंडावर जपानिंग, म्हणजे अस्फाल्ट आणि जवसाच्या तेलाचं काळं मिश्रण भट्टीत भाजून पक्कं केलेलं, त्यावर नक्षीचे ट्रान्सफर, म्हणजे चिकटवलेली छापील नक्षी, आणि त्या नक्षीवर पारदर्शक थर, तो बऱ्याच जुन्या मशीनवर लाखेचा असतो. जपानिंग चिवट असतं, पण वरचा थर अमोनियावाल्या क्लीनरने खराब होतो आणि स्पिरिटने, म्हणजे पॉलिशवाले वापरतात त्या अल्कोहोलने, तर विरघळतोच. तो गेला की नक्षी उघडी पडते. नंतरच्या काळातल्या मशीनवर वेगळा रंग असतो, त्यांना हे सगळं लागू नाही. म्हणून आधी बेडच्या, म्हणजे मशीनच्या सपाट पायाच्या, खालच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही तिथे, इअरबडवर थेंबभर स्पिरिट घेऊन बघा. माझ्याकडे जागा चिकट झाली आणि कापूस मधासारखा पिवळा निघाला, म्हणजे लाखच.

मग सफाई फक्त शिलाई मशीनच्या तेलाने. तेल चोपडायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी जुन्या सुती कापडाने हलकेच टिपायचं. पहिल्या दिवशी काही फरक दिसला नाही, चौथ्या दिवशी तपकिरी थर सुटला आणि खालून तो खोल काळा रंग दिसला, तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाक मारली! आतले जाम झालेले भाग रॉकेलने मोकळे केले, त्यात विशेष काही नाही.

खरं काम पॉलिशचं. मेण काढलेली चपडा लाख 30 ग्रॅम, 250 मिली स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून गाळून घेतली. लागेल तेवढीच करा, विरघळवलेली लाख महिनोन्महिने पडून राहिली की नीट सुकत नाही. ती लावायचा बोळा म्हणजे आत कापूस, बाहेर धुवून मऊ झालेलं सुती कापड. हाताच्या पाठीवर टेकवला तर गार लागला पाहिजे पण ओल राहता कामा नये, माझा पहिला बोळा फार ओला होता आणि मशीनच्या मानेवर वळ उमटले. ते दोन दिवस पूर्ण सुकू दिले, तिथे नक्षी नव्हती म्हणून 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने तेल लावून घासता आले. नक्षीवर हे अजिबात करू नका.

बोळ्यावर तेलाचा एखादा थेंब घेतला की तो अडकत नाही. हात सरकतच ठेवायचा, थांबला की तिथली लाख उचलली जाते. छोटे गोल, मग आठ काढल्यासारखं, आणि चिकट वाटलं की सोडून द्यायचं. मी दिवसाला दोन-तीन हात एवढंच केलं, पावसाळी दमट हवेत तर बोळा हातात घेतलाच नाही कारण ओलसर हवेत लाख पांढुरकी पडते. काळे टवके उडालेले होते तिथे लाखेत काजळी मिसळून बारीक ब्रशने थरावर थर दिले.

खिडकी उघडी ठेवा, जवळपास गॅस-उदबत्ती काही नको, स्पिरिटची वाफ पटकन पेट घेते. तेलासाठी जवसाचं तेल वापरलं असेल तर कापडं चुरगळून ठेवू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात, पसरून सुकवा.

बारा दिवसांनी खिडकीची चौकट मशीनच्या मानेवर स्पष्ट दिसायला लागली. पुढच्या कोपऱ्यातली वेल चंदेरीच राहिलीय, ती मी रंगवलेली नाही. आता आठवडाभर तसंच ठेवलंय, मग सुई बसवून पहिली शिवण.