फेविकॉल तुटंना की ओ, मॅडम!

मी मिरज तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मागच्या पावसाळ्यात आठवीच्या पोरांना म्हटलं, यंदा प्रदर्शनात तो ज्वालामुखी नको बाबांनो, कुठला गम किती ओढ सोसतो ते मोजू. दोन तासिकांचं काम वाटलं होतं, तीन आठवडे गेले.

डोक्यात सगळं सोपं होतं. आईस्क्रीमच्या दोन काड्यांची टोकं 1 सेंमी एकमेकींवर चढवून चिकटवायची, वरच्या काडीला भोक पाडून तारेनं खिडकीच्या गजाला अडकवायची, खालच्या काडीला बादली आणि बादलीत मगानं हळूहळू वाळू. तुटलं की बादली खिचडीच्या खोलीतल्या काट्यावर. खाली पोतं अंथरलं आणि बादलीखाली पाय न्यायचा नाही हे तीनदा बजावलं, तरी एकानं नेलाच.

पहिला मान अर्थात फेविकॉलचा. पूर्ण 24 तास वाळवला. बादली काठोकाठ भरली तरी जोड ढिम्म, "मॅडम, तुटंना की ओ!" आणि मग काडकन आवाज. पोरं नाचायला लागली, बघितलं तर जोड शाबूत, भोकापाशी काडीच चिरलेली. म्हणजे आम्ही लाकूड मोजलं, फेविकॉल नाही. घरी येऊन हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की लाकडावर नीट वाळलेला असला गम एका चौरस सेंमीला 50 किलोच्या वर सहज धरतो, माझी बादली त्याच्यापुढं काय! हा हिशेब आधी करायला हवा होता, चूक माझीच.

मग कमी ताकदीच्या गमांकडं वळलो. गव्हाच्या पिठाची खळ, शिळ्या भाताची खळ आणि बाभळीचा डिंक. आता तुटायला लागलं पण आकडे बघून डोकं फिरलं, त्याच खळीला एका गटाचे साडेतीन किलो, दुसऱ्याचे नऊ. एकानं बोटानं थापली होती, दुसरीनं पातळ लावून वर कपड्याचे चिमटे लावले होते, कुणी सकाळी चिकटवलं तर कुणी आदल्या दिवशी. मी ओरडणार होते, पण खरा धडा इथंच होता. मग फळ्यावर पोरांनीच नियम लिहिले: जागा मोजून, चिमटा सगळ्यांना, वाळवण एकसारखी, प्रत्येक गमाच्या पाच जोड्या. भागाकारही तेव्हाच पटला. 6 किलो म्हणजे साधारण 59 न्यूटन, भागिले 100 चौरस मिमी, म्हणजे चौरस मिमीला 0.59 न्यूटन. नुसतं "6 किलोला तुटलं" म्हणून काही कळत नाही, जोड दुप्पट रुंद असता तर?

मला स्वतःला सगळ्यात आवडलं ते तुटलेली टोकं बघणं. एका काडीवर सगळी खळ आणि दुसरी स्वच्छ, तर खळीनं दुसरीला धरलंच नव्हतं. दोन्हीकडं थर राहिला, तर खळच मधून फाटली. भिंग घेऊन पोरं अर्धा तास गप्प होती, आठवीच्या वर्गात हे म्हणजे नवलच.

फेविकॉल हरला तो शेवटी सोलण्यात. सुती पट्टी फळीवर चिकटवून एक टोक खाली ओढलं की सगळा जोर एका रेघेवर येतो, त्यामुळं बादलीला न हललेला गम पाण्याच्या बाटल्यांना सुटायला लागला. एकाला फेविक्विक आणायचं होतं, मी सरळ नाही म्हटलं, सुती कापडावर सांडलं तर तापून चटका बसतो.

एका मुलीचे मामा मिरजेत सतार-तंबोऱ्याच्या कामाला आहेत, तिनं त्यांच्याकडून डबीत सरस आणला. जनावरांच्या कातड्या-हाडांचा, गरम करून लावायचा, वर्गभर असला वास की खिडक्या उघडाव्या लागल्या. तो पण बादलीला दाद देईना. पण ती म्हणाली, मामा गरम पाण्यानं जोड सोडवून वाद्य दुरुस्त करतात. मग फेविकॉल-सरसाला बादली लावायचं सोडून आम्ही त्यांच्या जोड्या गरम पाण्यात बुडवायला लागलो.

तेवढ्यात पावसाची झड लागली आणि राहिलेल्या खळीच्या जोड्यांवर बुरशी आली. मी टाकून देणार होते, तर मागच्या बाकावरनं आवाज, "मॅडम, बुरशी आल्यावर ताकद कमी होती का?" आठ जोड्या खिडकीत ठेवल्यात, चार पुसलेल्या, चार तशाच. सोमवारी बादली.