तुम्ही विचारलंत म्हणून: नवरा तिकडे, मग तू इकडे कशी?

विचारणाऱ्यांना माझं बाकी सगळं ठाऊक असतं. लग्न कधी झालं, अमेरिकेत मिशिगनला कधी गेले, मुलगी तिकडे झाली, परत येऊन नाशिकला अंबडच्या कुठल्या कारखान्यात लागले, सगळं. म्हणून ते पुन्हा सांगत बसत नाही. प्रश्न येतो तो एवढाच. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर ओळखीच्या काकू विचारतात, लग्नकार्यात चुलत सासूबाई विचारतात, आणि धाकटी आत्या दर दिवाळीला मला स्वयंपाकघरात गाठून हळू आवाजात म्हणते, "तुमचं सगळं ठीक आहे ना गं?"

ठीक आहे, आत्या. आमचं भांडण झालेलं नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मी आलेली नाही, आणि तिकडची थंडी मला सोसली नाही हेही खरं नाही. मी परत आले ती काम करायला. माझं काम, माझ्या नावावर, उद्याही असेल या खात्रीने करता यावं म्हणून.

यावर मामा लगेच म्हणाले होते, "अमेरिकेत काय नोकऱ्यांचा दुष्काळ आहे?" नोकऱ्यांचा नव्हता. एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, गेलेल्या माणसाच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो. त्यावर राहता येतं, शिकता येतं, गाडी चालवता येते, कमावता येत नाही. कमावता येत नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिकडे नोकरीला लागणारा ओळख क्रमांक, तोही मिळत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत क्वालिटीत काम केलेली, व्हर्नियरपासून सीएमएम या अचूक मोजमापाच्या यंत्रापर्यंत सगळं हाताळलेली बाई तिथे बँकेतल्या जॉइंट खात्यावरचं दुसरं नाव होऊन राहते. २६ मे २०१५पासून नियम बदलला. नवऱ्याचा ग्रीन कार्डासाठीचा, कंपनीने भरायचा आय-१४० अर्ज मंजूर झाला असेल, तर एच-४वरच्या जोडीदाराला वर्क परमिट, म्हणजे ईएडी कार्ड, मागता येऊ लागलं. आमचा आय-१४० मंजूर झाला २०१६च्या अखेरीस. २०१७मध्ये माझं कार्ड आलं आणि डेट्रॉइटजवळच्या एका गाडीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात मी क्वालिटी इंजिनियर म्हणून लागले. त्या काळात तुम्ही कोणी काही विचारत नव्हता. फोटो बघून छान म्हणत होता.

"मग ग्रीन कार्ड का नाही घेतलंत?" हा दुसरा प्रश्न. जणू ते दुकानात मिळतं. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं दिली जातात, आणि त्यात बायको-नवरा-मुलंही मोजली जातात. कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांहून जास्त येत नाहीत, मग तो देश केवढाही असो. भारतीयांची रांग त्यामुळे वर्षानुवर्षांची आहे. आमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, २०१६ची. दर महिन्याला अमेरिकी सरकारचं व्हिसा बुलेटिन येतं, रांग कुठल्या तारखेपर्यंत आली ते सांगणारं. त्यात तारीख कधी थोडी पुढे सरकते, कधी जागच्या जागी राहते, कधी मागेही जाते. तोवर नवऱ्याचा एच-१बी वाढवत राहायचं, आणि त्याच्यामागे माझं सगळं.

हे 'माझं सगळं' म्हणजे काय, ते कुणालाच कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. ती एक उतरंड आहे. तळाला त्याचा एच-१बी, त्यावर माझा एच-४, त्यावर माझं वर्क परमिट. खालचं वाढल्याशिवाय वरचं वाढत नाही. माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सची तारीखही त्याच मुदतीला बांधलेली. मुदत संपायच्या १८० दिवस आधी अर्ज करता येतो, त्याआधी नाही. नवऱ्याच्या अर्जाला कंपनीने लवकर निकालासाठीची प्रीमियम फी भरली की तेव्हा १५ दिवसांत निकाल यायचा. माझ्या अर्जांना प्रीमियमची सोयच नाही. पूर्वी निदान तिन्ही अर्ज एकत्र पाठवले की अधिकारी बहुधा एकत्रच निकाली काढायचे. मार्च २०१९पासून एच-४च्या प्रत्येक मुदतवाढीसाठी बोटांचे ठसे सक्तीचे झाले आणि ती साखळी तुटली. त्याचा अर्ज पुढे निघून जायचा, माझा ठशांच्या तारखेची वाट बघत पडायचा. माझं कार्ड २०१९च्या ऑक्टोबरमध्ये संपणार होतं. वसंतात, अर्ज करता येऊ लागला त्याच आठवड्यात, आम्ही अर्ज केला. नवऱ्याची मंजुरी लगेच आली. माझा अर्ज उन्हाळा संपला तरी पेंडिंग.

आता माझं कार्ड संपलं त्या शुक्रवाराबद्दल.

मी तेव्हा ट्रान्समिशनच्या एका अॅल्युमिनियम हाउसिंगवर काम करत होते. भिंत पातळ, आत एक मोठा बोअर, म्हणजे गोल भोक, आणि त्या बोअरची टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, अगदी घट्ट. नवीन पार्ट होता, गिऱ्हाइकाकडे पीपॅप, म्हणजे पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं, सादर करायचं होतं. आमची अडचण अशी होती की मशीनवर मोजलं तर बोअर गोल, उतरवून सीएमएमवर लावला की अंडाकृती. बरीच डोकेफोड करून मी कारण शोधलं होतं. फिक्श्चरचा, म्हणजे मशीनवर पार्ट धरून ठेवणाऱ्या साधनाचा, एक क्लॅम्प पार्टला जास्त आवळत होता. आवळलेल्या अवस्थेत भिंत वाकायची, तशातच बोअर कापला जायचा, आणि क्लॅम्प सोडला की भिंत आपल्या जागी परत. त्या क्लॅम्पचा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, किती ठेवायचा ते मी चाचण्या घेऊन ठरवलं, हँडओव्हरमध्ये लिहिलं आणि माझ्या जागी बसणाऱ्याला समजावून सांगितलं.

एचआरच्या बाई भल्या होत्या. मला आत बोलावून त्यांनी दार लावलं. म्हणाल्या, मध्यरात्रीनंतर तुम्ही आमच्या आवारात कामाला दिसलात तर कायदा आमच्यामागे लागेल. जागा काही आठवडे रिकामी ठेवू, त्यापुढचं माझ्या हातात नाही. मग जरा थांबून म्हणाल्या, घरून फोनवरसुद्धा काही सांगू नका. पगार घेतला नाही तरी ते काम धरलं जाऊ शकतं. मी बॅज काढून दिला, लॅपटॉप दिला, सेफ्टी शूज तेवढे घरी आणले कारण ते माझे होते. पार्किंगमध्ये नवरा वाट बघत होता.

मंगळवारी संध्याकाळी फोन वाजला. सेकंड शिफ्टचा ऑपरेटर, स्वतःच्या मोबाइलवरून. माझ्यापेक्षा वयाने मोठा माणूस, मशीन नुसतं आवाजावरून ओळखणारा. म्हणाला, बोअर मापाबाहेर जातोय, मशीनवर बरोबर येतोय आणि तुझ्या सीएमएमवर नाही, तू यावर काहीतरी केलं होतंस ना? मला लगेच कळलं. कुणीतरी फिक्श्चर काढून पुन्हा बसवलं होतं आणि क्लॅम्प पहिल्यासारखा आवळला होता. एका वाक्याचं उत्तर होतं. पलीकडच्या खोलीत नवरा त्याच्या ऑफिसच्या कॉलवर बोलत होता, मोकळेपणाने, मोठ्या आवाजात. मुलगी भाताचा घास घेऊन माझ्याकडे बघत होती. आणि मी त्या माणसाला म्हणाले, "मला याबद्दल बोलता येणार नाही, हँडओव्हर बघ." त्याने विचारलं, "तू रागावून सोडलंस का?" मी नाही म्हणाले. त्याचा विश्वास बसला नाही. नंतर कानावर आलं की त्या शिफ्टचा सगळा लॉट भंगारात गेला.

तुम्ही म्हणाल, एक वाक्य बोलली असतीस तर कोण बघायला येणार होतं? नवराही त्या रात्री हेच म्हणाला. पण ग्रीन कार्डाच्या अर्जात सरळ विचारलेलं असतं की तुम्ही कधी परवानगीशिवाय काम केलंत का. त्यापुढे मला खरं उत्तर लिहून सही करायची होती. ज्या कागदासाठी एवढी वर्षं काढली, त्यावर खोटी सही करायला माझा हात धजला नसता. त्या वेळी मला स्वतःचा अभिमान वाटला होता. नियम पाळला, मान ताठ.

आज मी तिच्याशी, म्हणजे त्या ताठ मानेच्या बाईशी, भांडते. मी तिला विचारते, क्वालिटीवाल्या माणसाला समोर दोष दिसतोय आणि त्याने तोंड मिटून घ्यायचं, असं जगणं तू कसं चालवून घेतलंस? ती म्हणते, तू नाशकात बसून बोलते आहेस, इथे तुला कोणी कागद मागत नाही. मुलीची शाळा, घर, नवऱ्याची नोकरी, हे सगळं त्या एका सहीवर होतं, तू काय केलं असतंस? आणि खरंच, मी वेगळं काही केलं असतं असं मला वाटत नाही. म्हणूनच मी तिथून निघाले. तसा फोन पुन्हा आला असता तर पुन्हा तेच केलं असतं, आणि ते मला पुन्हा करायचं नव्हतं.

पुढचं थोडक्यात. कार्ड पुढच्या वर्षी आलं, तोवर जागा भरली होती. मार्च २०२०मध्ये साथीमुळे ठशांची केंद्रंच बंद झाली. काही महिने एका लहान कारखान्यात काम केलं, पण मुलाखतीत पहिला प्रश्न यायचा तो कार्ड कधी संपतं हाच. २०२१च्या उन्हाळ्यात मुलीला घेऊन मी आले.

त्यानंतर तुम्ही बातम्या पाठवायला लागलात. नोव्हेंबर २०२१मध्ये कोर्टात समझोता झाला, नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला असेल आणि एच-४ चालू असेल तर जुनं कार्ड १८० दिवसांपर्यंत आपोआप चालेल असं ठरलं. आतेभावाने मेसेज केला, "झालं की तुझं काम, आता जा!" जानेवारी २०२३मध्ये दुसरा समझोता झाला, तिन्ही अर्ज पुन्हा एकत्र बघायचे. तो दोनच वर्षांसाठी होता. ऑगस्ट २०२४मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने एच-४च्या वर्क परमिटचा नियमच रद्द करा ही मागणी फेटाळली, तेव्हाही अभिनंदनाचे मेसेज आले. आणि ३० ऑक्टोबर २०२५पासून केलेल्या अर्जांना ती आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली. ही बातमी मात्र मला कोणी पाठवली नाही. मी पाठवणाऱ्यांना दोष देत नाही, त्यांना माझं भलंच हवं आहे. पण दर वेळी 'आता झालं' म्हणून सामान बांधायचं आणि दर वेळी सोडायचं, हे माझ्याने होत नाही.

आता जे तुम्ही विचारत नाही तेही सांगते. अंबडचा माझा पगार तिकडच्या पगाराशेजारी ठेवू नका. नवरा तिकडे एकटा जेवतो. व्हिडिओ कॉलवर त्याचं ताट बघितलं की मला वाईट वाटतं, आणि त्याच वेळी त्याच्या ऑफिसच्या गप्पा ऐकून हेवाही वाटतो. मुलगी बाबांना भेटायचं म्हणून कधी कधी हट्टाला पेटते, तेव्हा वरचे सगळे मुद्दे माझ्या काही कामाचे नसतात. आणि जे तिकडे एच-४वर राहिले त्यांनी कमी धीर धरला असं मला मुळीच म्हणायचं नाही. कोणी तिथे पुन्हा शिकलं, कोणी मुलांमध्ये रमलं, आमच्या ओळखीत बायकोच्या व्हिसावर आलेले दोन नवरेही होते. त्यांचं त्यांना ठाऊक.

एक गोष्ट मला इथे येऊन उमगली. आमच्या घरात आता परदेशी नागरिक आहे ती मुलगी. तिच्याकडे ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं, कार्ड आहे. तिला इथे आयुष्यभर राहता येईल, शिकता येईल, नोकरी करता येईल, मत देता येणार नाही. निफाडकडची माझ्या वडिलांची द्राक्षबाग तिला वारशाने मिळू शकते, पण शेजारचा एक गुंठा शेतजमीन विकत घेता येणार नाही. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ त्या बागेचं काय होईल हेच बोलत राहिले. मी मात्र ओसीआयच्या नियमांत 'नोकरी करता येईल' ही ओळ पुन्हा पुन्हा वाचली. तिला ते कार्ड आमच्या नात्यामुळेच मिळालंय, पण कमावण्याचा हक्क तिचा स्वतःचा आहे, माझ्या नोकरीची मुदत संपली म्हणून तिचा संपणार नाही. मला तिथे एवढंच हवं होतं.

राहता राहिला शेवटचा प्रश्न. तारीख आली तर जाशील का? वडिलांनी गावातून माझा जन्माचा दाखला नीट करून आणला आहे. त्यात नावाचा रकाना रिकामा होता, तो आता भरलेला आहे. ग्रीन कार्डाला तो लागतो. लग्नाचा दाखला, पोलिसांचा दाखला, सगळ्याची यादी नवऱ्याने पाठवली आहे. ग्रीन कार्ड मिळालं तर काम करायला कुणाची परवानगी लागणार नाही हे मला कळतं. पण ते मिळाल्यावर तिथेच राहावं लागतं, ते कपाटात ठेवून अंबडला कामावर जाता येत नाही. इथे माझ्या हाताखाली आता शिकाऊ पोरं आहेत, सीएमएमची खोली माझ्या ताब्यात आहे. आणि तिकडे माझ्या मुलीचा बाप आहे. नवरा दर बुलेटिननंतर विचारतो. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. त्याला जे सांगते तेच तुम्हाला सांगते आहे, आत्या.